भिंत वाळण्यापूर्वी

मागच्या हिवाळ्यात एका तालुक्याच्या गावी विज्ञान प्रदर्शनाची परीक्षक म्हणून गेले होते. प्रदर्शन आटोपल्यावर तिथल्या विज्ञानाच्या बाई मला शाळेच्या मागच्या बाजूला घेऊन गेल्या. नव्या वर्गखोल्यांच्या भिंतीवर नववीच्या मुलांनी सूर्यमाला रंगवली होती. त्यातली शनीची कडी तेवढी शाबूत होती. गुरूच्या जागी रंगाला फोड येऊन पोपडे सुटले होते आणि पृथ्वीवर पिठासारखे पांढरे काहीतरी फुलून आले होते.

बाई म्हणाल्या, "मॅडम, रंग चांगल्यातला होता. मुलं तीन आठवडे राबली. एका पावसाळ्यात हे असं झालं. आता मोठे सर म्हणतात, मुलांना पुन्हा भिंतीला हात लावू द्यायचा नाही. आमचं चुकलं कुठे?"

मी विचारले, "गिलावा कधी झाला होता?"

"मे महिन्यात."

"आणि चित्र?"

"जूनमध्ये. शाळा उघडायच्या आधी."

उत्तर या दोन महिन्यांतच होते. पण ते सांगताना मला दुसरी एक भिंत आठवली. ती ऑक्सफर्डमध्ये आहे. तिच्यावर चुकणारी मंडळी नववीतली नव्हती. त्यांच्यातले काही जण पुढे इंग्लंडचे नामांकित कलावंत झाले. ती भिंत ज्या इमारतीत आहे, तिची हकिकत शिक्षकांनी ऐकण्यासारखी आहे.

आधी सभा, मग इमारत

'युनियन' म्हटले की आपल्याला कामगारांची संघटना आठवते, नाहीतर महाविद्यालयातल्या निवडणुका. ऑक्सफर्ड युनियन यांपैकी काहीच नाही. ती विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी चालवलेली वादविवादसभा आहे. विद्यापीठाच्या सर्व विद्यार्थ्यांचे प्रतिनिधित्व करणारी संघटना वेगळी. युनियन वर्गणीवर चालते आणि विद्यापीठापासून स्वतंत्र आहे. १८२३ मध्ये 'युनायटेड डिबेटिंग सोसायटी' या नावाने ती सुरू झाली आणि १८२५ मध्ये तिची नव्याने घडी बसवून 'ऑक्सफर्ड युनियन सोसायटी' असे नाव ठेवण्यात आले. पुढे चार वेळा ब्रिटनचे पंतप्रधान झालेले ग्लॅडस्टन १८३० मध्ये तिचे अध्यक्ष होते.

ऑक्सफर्डमध्ये प्रत्येक कॉलेज म्हणजे एक स्वतंत्र संसार असतो. त्याचे भोजनगृह वेगळे, प्रार्थनामंदिर वेगळे, ग्रंथालयही वेगळे. निरनिराळ्या कॉलेजांतले विद्यार्थी एकत्र येऊन बोलतील, वाचतील, भांडतील अशी जागा नव्हती. ती उणीव या सभेने भरून काढली. मात्र पहिली कित्येक वर्षे सभेला स्वतःचे घर नव्हते. भाड्याच्या जागांत तिचे काम चाले. १८५० च्या दशकात शहराच्या मध्यभागी, कॉर्नमार्केट स्ट्रीटजवळ जागा मिळाली आणि इमारत बांधायचे ठरले.

काम दिले गेले बेंजामिन वुडवर्ड या आयरिश वास्तुविशारदाकडे. विज्ञानशिक्षकांनी हे नाव लक्षात ठेवावे. त्याच सुमारास ऑक्सफर्डचे विद्यापीठ संग्रहालयही वुडवर्ड बांधत होता. निसर्गविज्ञानाच्या अभ्यासाला त्या विद्यापीठात हक्काचे छप्पर मिळाले ते या संग्रहालयामुळे. उत्क्रांतीवरून टॉमस हक्सली आणि बिशप विल्बरफोर्स यांची प्रसिद्ध खडाजंगी झाली ती याच संग्रहालयात, १८६० साली. हे विल्बरफोर्स विद्यार्थिदशेत युनियनच्या सभेत बोलून नाव मिळवलेले वक्ते होते. एकाच वास्तुविशारदाने एकाच वेळी एकाच गावात वादासाठी एक घर बांधले आणि विज्ञानासाठी दुसरे.

एका दालनात दोन कामे

१८५७ मध्ये युनियनचे दालन उभे राहिले. विटांचे बांधकाम, गॉथिक धाटणी. दालन लांबट, दोन्ही टोकांना वळलेले, वर उघड्या लाकडी कैच्यांचे उंच छत. जमिनीवर वादविवादाची बाके होती. भिंतीच्या निम्म्या उंचीवर चहूबाजूंनी फिरणारा अरुंद सज्जा होता आणि त्यात पुस्तकांची कपाटे होती. म्हणजे खाली भाषणे आणि वर ग्रंथालय.

पुस्तकांनी भिंती अडवल्यावर उजेड आत आणायचा कुठून? वुडवर्डने तो वरून घेतला. सज्जाच्या वरचा भिंतीचा पट्टा त्याने दहा खणांत विभागला आणि प्रत्येक खणात सहा पाकळ्यांच्या फुलासारख्या दोन गोल खिडक्या ठेवल्या. अशा एकूण वीस खिडक्या झाल्या. वाचणाऱ्याच्या दृष्टीने ही योजना उत्तम होती. मात्र या खिडक्यांच्या मधली भिंत कोरी राहिली होती आणि तीच पुढच्या गोष्टीचे कारण ठरली.

१८५७ च्या उन्हाळी सुटीत डान्टे गॅब्रिएल रोझेटी हा चित्रकार आपला तरुण मित्र विल्यम मॉरिस याच्याबरोबर ऑक्सफर्डला आला. वुडवर्डशी त्याची ओळख होती. नवे दालन पाहून त्या दहा खणांत राजा आर्थरच्या कथा रंगवण्याची कल्पना त्याने मांडली. चित्रकार मेहनताना घेणार नव्हते. सामानाचा आणि राहण्याखाण्याचा खर्च तेवढा युनियनने करायचा होता. विद्यार्थ्यांच्या सभेला याहून चांगला सौदा कुठला मिळणार?

रोझेटीने मित्रांना गोळा केले. तो स्वतः २९ वर्षांचा होता. मॉरिस २३ वर्षांचा, एडवर्ड बर्न-जोन्स २४ वर्षांचा. व्हॅल प्रिन्सेप तर अवघा १९ वर्षांचा होता. प्रिन्सेपचा जन्म कलकत्त्याचा. ब्राह्मी लिपीचा उलगडा करणारे जेम्स प्रिन्सेप हे त्याचे सख्खे काका. आर्थर ह्यूज, स्पेन्सर स्टॅनहोप आणि जॉन हंगरफोर्ड पोलन धरून हे सात जण परातीवर चढले. पोलनने आधी ऑक्सफर्डच्याच मर्टन कॉलेजच्या प्रार्थनामंदिराचे छत रंगवले होते. बाकीच्या बहुतेकांना भिंतीवर चित्र काढण्याचा अनुभव नव्हता.

काम मोठ्या उत्साहात चालले. खिडक्यांतून येणारा झगझगीत उजेड डोळ्यांवर येई, म्हणून त्यांनी काचांना पांढरा रंग फासला. त्या पांढऱ्या काचांवर फावल्या वेळात वॉम्बॅटची चित्रे काढली. वॉम्बॅट हा ऑस्ट्रेलियातला, कांगारूसारखा पोटाला पिशवी असणारा गुबगुबीत प्राणी. तो रोझेटीचा भारी लाडका होता. मॉरिसने आपला खण सर्वांत आधी संपवला आणि लगेच छतावरची वेलबुट्टी रंगवायला घेतली.

त्या वर्षाअखेरीस ही चित्रे पाहून गेलेल्या कॉव्हेंट्री पॅटमोर या कवीने त्यांच्या तेजस्वी रंगांची तुलना जुन्या सचित्र हस्तलिखितांच्या समासाशी केली. पण हे तेज काही वर्षेसुद्धा टिकले नाही. रंग काळवंडले, भुकटी होऊन झडू लागले. सुटी संपली तशी मंडळीही पांगली. काही चित्रे अर्धवट राहिली. उरलेले तीन खण १८५९ मध्ये विल्यम आणि ब्रिटन रिव्हिएर या पितापुत्रांनी पुरे केले. तोवर आधीची चित्रे ओसरायला लागलीच होती.

भिंतीचे रसायनशास्त्र

काय झाले असावे? चित्रकारांनी नव्या बांधलेल्या विटांच्या भिंतीवर सरळ सफेदी दिली आणि तिच्यावर सरसासारख्या बंधकात कालवलेल्या पाणरंगांनी चित्रे काढली. गिलाव्याचा थर दिलाच नाही. दर्जांमधला चुना अजून ओला होता.

चुन्यावरची चित्रे शतकानुशतके टिकतात हे खरे आहे. इटलीतल्या 'फ्रेस्को' पद्धतीत ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर नुसत्या पाण्यात कालवलेला रंग देतात. विरवलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. गिलावा वाळताना तो पाण्याबरोबर पृष्ठभागाकडे येतो आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो. त्यातून कॅल्शियम कार्बोनेट तयार होते. वर्गात आपण चुन्याच्या निवळीत फुंकर मारतो आणि ती दुधाळ होते, तीच ही अभिक्रिया. फ्रेस्कोमध्ये रंगाचे कण या नव्या स्फटिकांच्या जाळ्यात अडकतात. रंग भिंतीवर बसत नाही, भिंतीचा भाग होतो.

मग ऑक्सफर्डची भिंतही ओली होती, तिथेही चुना होता, तरी रंग का धरला नाही? कारण ओल आणि चुना असला म्हणजे फ्रेस्को होत नाही. फ्रेस्कोला चुना आणि वाळूचा जाड, घट्ट थर लागतो. सफेदीचा थर पापुद्र्याइतका पातळ असतो आणि रंग धरून ठेवील इतके स्फटिक त्यात तयार होत नाहीत. इथे रंगाला धरून ठेवण्याचे काम सरसावर पडले. सरस म्हणजे प्राणिज प्रथिन. ते ओलाव्याने मऊ पडते आणि त्यावर बुरशीही वाढते. बंधक गेले की रंगाची भुकटी होते.

दुसरे कारण क्षारांचे. विटांत आणि चुन्यात विरघळणारे क्षार असतात. भिंत वाळताना पाणी ते क्षार घेऊन बाहेरच्या बाजूला येते. पाणी उडून जाते, क्षारांचे स्फटिक मागे राहतात. आपण याला लोणा म्हणतो. हे स्फटिक सफेदीच्या पापुद्र्यामागे वाढले की तो पापुद्रा पुढे ढकलतात आणि त्याच्याबरोबर वरचे चित्रही निघून येते.

तिसरे कारण दिव्यांचे. दालनात दगडी कोळशापासून काढलेल्या गॅसचे दिवे होते. त्या गॅसमध्ये गंधकाची संयुगे असत. तो जळाला की काजळी, पाण्याची वाफ आणि सल्फर डायऑक्साइड तयार होतो. ओलाव्यात त्यापासून आम्ल बनते आणि चुन्याच्या थरावर त्याची क्रिया होते.

मग अजिंठा कसा टिकला?

वर्गात हे सांगितले तर एखादा हुशार विद्यार्थी विचारील, अजिंठ्याची चित्रेसुद्धा फ्रेस्को नाहीत ना? प्रश्न बरोबर आहे. अजिंठ्यालाही कोरड्या पृष्ठभागावर बंधकात कालवलेले रंग वापरले आहेत. तरी सुमारे दीड हजार वर्षांनंतर त्यातले बरेच काही आपण पाहू शकतो. तेव्हा दोष नुसत्या बंधकाचा नव्हे.

फरक आहे तो तळाचा. अजिंठ्याच्या कारागिरांनी खडबडीत बेसाल्टवर आधी मातीचा गिलावा दिला. त्यात भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळले, म्हणजे तो वाळताना तडकत नाही आणि खडकाला धरून राहतो. त्यावर गुळगुळीत पातळ थर दिला आणि मग रंग लावला. लेण्यात थेट ऊन येत नाही. अजिंठ्यातही पोपडे सुटले आहेत, पडझड झाली आहे. पण तिथल्या कारागिरांनी चित्राच्या आधी भिंतीचा विचार केला होता, हे नक्की.

न दिसणारी चित्रे

काही वर्षांपूर्वी एका परिषदेच्या निमित्ताने ऑक्सफर्डला गेले असता मी हे दालन पाहिले. आत शिरल्यावर पहिल्या क्षणी चित्रे दिसतच नाहीत. दिसतात फक्त खिडक्या. प्रत्येक चित्राच्या मधोमध दोन तेजस्वी वर्तुळे असतात. डोळा त्या उजेडाशी जुळवून घेतो, बाहुली लहान होते आणि खिडकीच्या कडेचे सगळे अंधारात जाते. खिडक्या झाकून कृत्रिम प्रकाश टाकला तर चित्रे बरीच उजळतात.

म्हणजे या चित्रांचा एक दोष रसायनशास्त्रातला आणि दुसरा प्रकाशाचा. पहिला काही वर्षांनी उघडकीला आला. दुसरा पहिल्या दिवसापासून होता, पण चित्रकारांना तो जाणवला नाही, कारण त्यांनी काचा पांढऱ्या करून ठेवल्या होत्या. ज्या उजेडात त्यांनी काम केले, तो पाहणाऱ्याच्या वाट्याला येणार नव्हता. प्रयोगशाळेत यशस्वी झालेला प्रयोग बाहेर का फसतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

यात वुडवर्डची चूक म्हणावी का? त्याने खिडक्या वाचकांसाठी ठेवल्या होत्या. चित्रे नंतर आली. दोघांचे काम आपापल्या जागी बरोबर होते. एकाच भिंतीवर ते एकत्र आले तेव्हा एकाने दुसऱ्याला झाकोळून टाकले.

माहिती होती, पोचली नव्हती

मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट निराळीच आहे. ही चूक टाळण्यासाठी लागणारे ज्ञान १८५७ मध्ये उपलब्ध होते. लंडनच्या नव्या पार्लमेंटमध्ये भित्तिचित्रे कशी काढावीत यासाठी १८४१ मध्ये सरकारने एक आयोग नेमला होता आणि फ्रेस्कोच्या तंत्राची त्याने बरीच चर्चा केली होती. गॅसच्या दिव्यांच्या धुराने पुस्तकांची बांधणी खराब होते, ही तक्रार लंडनच्या अथेनियम क्लबातून आली तेव्हा खुद्द मायकेल फॅरडेने तिच्यात लक्ष घातले होते आणि धूर बाहेर नेणारा दिवा तयार केला होता. तो काळ १८४० च्या सुमाराचा. आणि दालनापासून थोड्याच अंतरावर त्याच वास्तुविशारदाच्या हाताखाली विज्ञानाचे संग्रहालय उभे राहत होते. रसायनशास्त्राची प्रयोगशाळाही त्यातच होणार होती.

ज्ञान अहवालात होते, व्याख्यानात होते. परातीवर उभ्या असलेल्या, हातात कुंचला घेतलेल्या मुलापर्यंत ते पोचले नव्हते. या दोन टोकांमधले अंतर कापण्याचे काम कोणाचे? माझ्या मते ते शिक्षकाचे, आणि आमच्यासारख्या संशोधकांचेही.

इमारत वाढते

युनियनची इमारत १८५७ मध्ये पुरी झाली नाही. ती पुढची पन्नास-पंचावन्न वर्षे वाढत राहिली. १८६० च्या दशकात विल्यम विल्किन्सन याने मूळ दालनाच्या पश्चिमेला स्वतंत्र वास्तू जोडली. उत्तर ऑक्सफर्डच्या नव्या वस्तीतली बरीच घरे बांधणारा हा वास्तुविशारद.

मोठा बदल झाला तो १८७० च्या दशकाच्या अखेरीस. भाषणे आणि पुस्तके एका दालनात किती दिवस नांदणार? एकाला आवाज हवा, दुसऱ्याला शांतता. सभेसाठी नवे, मोठे दालन बांधायचे ठरले आणि ते काम अल्फ्रेड वॉटरहाउस याला मिळाले. केंब्रिज युनियनची १८६६ ची इमारत त्याचीच होती. गंमत म्हणजे लंडनचे प्रसिद्ध निसर्गविज्ञान संग्रहालयही वॉटरहाउसचेच. ते १८८१ मध्ये लोकांसाठी खुले झाले. युनियनला तिची दोन्ही प्रमुख दालने निसर्गविज्ञानाचे संग्रहालय बांधणाऱ्या वास्तुविशारदांकडून मिळाली, हा योगायोग मला फार आवडतो.

नव्या दालनात एकच काम होते, ते म्हणजे वाद. त्यामुळे त्याची रचनाही वादासारखी आहे. एका टोकाला अध्यक्षांचे आसन, दोन्ही बाजूंना समोरासमोर बाके, वर सज्जा. मत हात वर करून नव्हे, तर पायांनी द्यायचे. बाहेर पडताना दाराच्या एका बाजूने गेले तर ठरावाला होकार, दुसऱ्या बाजूने गेले तर नकार. मोजदाद दारातच होते.

या दालनात ९ फेब्रुवारी १९३३ रोजी, राजासाठी आणि देशासाठी आम्ही कोणत्याही परिस्थितीत लढणार नाही, या आशयाचा ठराव २७५ विरुद्ध १५३ मतांनी संमत झाला आणि ब्रिटनभर गदारोळ उडाला. पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, युनियनला पहिला भारतीय अध्यक्ष मिळाला. ते होते मुंबईचे डी. एफ. कराका, पुढे पत्रकार म्हणून नावारूपाला आलेले. ज्या देशाचे राज्य आपल्यावर होते, त्या देशाच्या भावी मंत्र्यांना एक मुंबईकर अध्यक्षांच्या आसनावरून शिस्त लावत होता.

१९१०-११ मध्ये मिल्स आणि थॉर्प यांनी शेवटची मोठी भर घातली. ग्रंथालयाला आणखी एक दालन मिळाले, भोजनाची सोय झाली. आज इमारत पाहताना हे सगळे भाग वेगवेगळे ओळखता येतात. जागा अपुरी पडली, आवाजाची अडचण झाली, पुस्तके वाढली, अशा प्रत्येक अडचणीचे उत्तर विटांमध्ये दिलेले दिसते.

एक अडचण मात्र विटांनी सुटणारी नव्हती. सज्जात बसून ऐकणाऱ्या स्त्रियांना सभासद व्हायला १९६३ साल उजाडावे लागले. त्यासाठी एकही भिंत पाडावी लागली नाही. दारे तीच राहिली, बाके तीच राहिली. बदल करायचा होता तो नियमात. १९६८ मध्ये पहिली स्त्री अध्यक्ष झाली आणि १९७७ मध्ये पाकिस्तानच्या बेनझीर भुट्टो त्या आसनावर बसल्या.

चूक जपून ठेवणे

नवे दालन झाल्यावर वुडवर्डचे जुने दालन ग्रंथालय झाले आणि तिथेच ती विरलेली चित्रे राहिली. त्यांचे काय करायचे? सफेदीचा एक हात मारून मोकळे होता आले असते. स्वतः मॉरिसने नंतर एका पत्रात लिहिले की, आपले चित्र भिंतीवरून नाहीसे झाले तर आपल्याला बरेच वाटेल. पण युनियनने ती पुसली नाहीत. १८७५ मध्ये मॉरिसने छताची नक्षी नव्याने करून दिली. आता तो रंगांचा आणि नक्षीचा जाणकार झाला होता. चित्रांची डागडुजी पुढे १९३० च्या दशकात आणि पुन्हा १९८० च्या दशकात झाली. आज ती फिकट आहेत, पण आहेत.

१८७७ मध्ये याच मॉरिसने जुन्या इमारतींच्या जतनासाठी एक संस्था स्थापन केली. ती आजही काम करते. जुन्या वास्तूला नवा मुलामा देऊन तरुण करू नका, रोजच्या रोज निगा राखून तिला सांभाळा, हे तिचे सूत्र. ऑक्सफर्डच्या ओल्या भिंतीमुळेच त्याला हे सुचले, असे म्हणण्याला आधार नाही. पण तरुणपणी भिंतीकडे न पाहता रंगवणारा माणूस वीस वर्षांनी लोकांना भिंतीकडे पाहायला शिकवत होता, एवढे खरे.

चार विटांचा प्रयोग

आता त्या शाळेच्या सूर्यमालेकडे वळू. मेमध्ये सिमेंटचा गिलावा आणि जूनमध्ये त्यावर तैलरंग. नवे सिमेंट अल्कधर्मी असते. अल्कली आणि तेल एकत्र आले की काय होते, हे दहावीचा विद्यार्थी सांगील. साबण होतो. भिंतीतल्या ओलाव्याला बाहेर यायला वाट नव्हती, म्हणून रंगाला फोड आले. पृथ्वीवर फुललेले पांढरे पीठ म्हणजे लोणा. रंग, मुले, चित्र यांपैकी कशाचीही चूक नव्हती. घाई मात्र झाली होती.

बाईंना मी एक प्रयोग सुचवला. तो कोणत्याही शाळेत करता येईल. चार नव्या विटा घ्या. दोन विटा मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवा, दोन कोरड्या ठेवा. भिजवलेल्या एका विटेवर आणि कोरड्या एका विटेवर चुना आणि वाळूचा बोटभर जाड गिलावा द्या. उरलेल्या दोन विटांना फक्त सफेदी द्या. चारही विटांवर, गिलावा आणि सफेदी ओली असतानाच, पाण्यात कालवलेल्या गेरूने एकच आकृती काढा. महिनाभर सावलीत ठेवा. दर आठवड्याला निरीक्षणे वहीत लिहा. शेवटी ओल्या बोटाने चोळून पाहा. विटा चारच का, दोन का नकोत, हे मुलांना विचारा. ओल आणि तळाचा थर या दोन गोष्टींचा परिणाम वेगवेगळा ओळखायचा तर चार लागतातच. चुना हाताळताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवा, हे विसरू नका.

निघताना मी मोठ्या सरांनाही भेटले. त्यांना विनंती केली की, भिंतीचा एक तुकडा आहे तसाच ठेवा, त्याखाली गिलाव्याचा आणि चित्राचा महिना लिहा आणि उरलेली भिंत उन्हाळाभर वाळू देऊन पुन्हा मुलांच्या हवाली करा. ते हसले. "मॅडम, बिघडलेलं चित्र ठेवायचं? पाहुणे काय म्हणतील?"

मी म्हटले, "ऑक्सफर्डवाल्यांनी दीडशे वर्षांहून अधिक काळ ठेवलंय, सर."

परवा बाईंचे पत्र आले. चार विटा व्हरांड्यात मांडल्या आहेत. सरांनी भिंतीबद्दल अजून काही सांगितलेले नाही, पण येता-जाता तेही विटांपाशी थांबून पाहतात, असे बाईंनी लिहिले आहे.